मावशीच्या शेताखालचा पाईप

रोह्याकडून येणारा पाण्याचा जुना पाईप पेणजवळ माझ्या मावशीच्या भातशेताखालून जातो. पुरलेले जुने पाईप तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. ह्या पावसाळ्यात रोह्याच्या अलीकडे त्याचा एक सांधा गळायला लागला. दुरुस्तीसाठी पाईप रिकामा करायचा होता, आणि इकडे शेतं पाण्याने तुडुंब. अशात वरच्या मातीचा भार कमी पडला तर रिकामा पाईप उचलून वर येतो, सांधे निखळतात. मग आख्खं गाव पाण्याला मुकणार.

मी पाईपावरच्या मातीच्या उंचवट्यात पहार खुपसून पाहिली. हातभर माती हवी तिथे जेमतेम वीतभर! मावशीला विचारलं तर म्हणते कशी, "मीच नेते गो दर वर्षी खाडीच्या बांधाला. त्या उंचवट्याची माती खारी नाय, बांध कसा घट्ट बसतो! सगळीच नेतात."

"शाब्बास! आणि पाईप वर आला म्हणजे?"

"लोखंड कधी तरंगलंय?"

"रिकामा हंडा विहिरीत बुडतो का?"

ह्यावर मावशीने पदर खोचला आणि माझ्या हातातली पहार घेऊन स्वतःच खुपसून पाहिली.

बांध फोडून माती परत घ्यावी तर खाडीचं पाणी भातात शिरणार. ते सांगायची माझी छातीच झाली नसती. डोंगराकडची माती गोण्यांतून आणायचं ठरलं, पण चिखलात गाडी येईना. मग मावशीने सावड बोलावली. लावणीला एकमेकींच्या शेतात राबतात तशाच बायका आल्या, डोक्यावरून गोण्या वाहिल्या, मला यथेच्छ शिव्या घातल्या आणि उंचवटा पुन्हा उभा केला. मी मापं घेतली, आकडे पुन्हा पुन्हा तपासले आणि दुरुस्तीवाल्यांना सांगितलं, करा पाईप रिकामा.

पाईपातलं पाणी उतरायला लागलं तशी मी शेताकडे धावले. बघते तर मावशी उंचवट्यावर मधोमध फतकल मारून बसलेली!

"अगो ऊठ! तुझ्या वजनाने काय होणार हाय?"

"काय नाय होणार, ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "पण पाईप वर आला तर लोक बोलतील, हिची भाची चुकली. मी बसलेली दिसले तर म्हणतील, म्हातारीनेच कायतरी घोळ घातला."

पाईप तसूभरही हलला नाही. पण ते कळायच्या आधीच मी चिखलात तिच्याशेजारी जाऊन बसले होते, आणि मला रडू आवरत नव्हतं.