गावाचं नाव न घेणाऱ्या वहिनी

आमच्या वहिनी कुठल्याही गावाचं नाव घेत नसत. त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. ते वहिनी बिनदिक्कत घ्यायच्या. पण परतूर त्यांच्या लेखी ‘आत्याबाईंचं गाव’, जाफराबाद ‘धाकट्या नणंदेकडे’, आणि आमचं वडीगोद्री म्हणजे नुसतं ‘घर’. नातलगांनी याचा सोपा अर्थ लावला: कोकणातली शिकलेली बाई, तिला आपल्या गावांची लाज वाटते. परवा त्यांच्या तेराव्याच्या पंगतीतही कोणीतरी तेच म्हणालं. म्हणून हे लिहितो आहे.

लग्न होऊन आल्या तेव्हा वहिनी ‘वाडीगोद्री’ म्हणत. बाहेरचे लोक आजही तसंच म्हणतात. पण घरच्या सुनेनं म्हणावं, याची आम्हाला भारी मौज. “आमच्याकडे दहा घरं दिसली की वाडी म्हणतात, भावोजी. वडी आम्ही ताटात वाढतो,” असं त्या म्हणाल्या आणि गावानं त्यांना ‘वाडीवाली’ करून टाकलं. त्याही हसत.

पुढे धुणं वाळत घालताना त्या स्वतःशीच पुटपुटताना दिसू लागल्या. वडीगोद्री, पर्तूर, जाफ्राबाद. आम्ही घाईत अर्धी गिळून नावं घेतो, अगदी तशी. मला पाहून लाजल्या.

“बराबर म्हणून राह्यले का मी?”

“बिलकुल बराबर,” मी म्हणालो.

पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला परतूरहून आत्या आल्या होत्या. बायकांनी नाव घ्यायचा आग्रह धरला. वहिनी तयारीतच होत्या. आमचाच हेल काढून त्यांनी उखाणा घेतला:

“वडीगोद्रीच्या शिवारात कापसाची बोंडं फुटली, दत्तारावांचं नाव घेते, माहेरची वाट सुटली.”

आत्यांनी हातातलं वाण खाली ठेवलं. “ऐकलं का, आपल्या बोलण्याची नक्कल करून राह्यली. चार बुकं शिकली तं आमाला हसती.”

“नक्कल न्हाई, आत्याबाई,” वहिनी म्हणाल्या.

त्यांच्या तोंडचं ते ‘न्हाई’ ऐकून बायका खो-खो हसल्या. आत्या उठूनच गेल्या.

मी तिळगुळाचं ताट घेऊन दारात उभा होतो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या धुण्यापाशी काय करत असत, हे घरात मला एकट्यालाच ठाऊक होतं. आत्यांपुढे बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मीही हसत होतो.

त्या दिवसापासून गावांची नावं बंद झाली. ना त्यांच्या पद्धतीनं, ना आमच्या. बायका दारावरून जायच्या, पण ओट्यावर टेकत नसत. गर्विष्ठ बाईशी काय बोलायचं? वहिनी संध्याकाळी एकट्याच रस्त्याकडे बघत बसायच्या.

दादा होता तोवर एसटीत तिकीट तो काढायचा. तो गेल्यावर कंडक्टर विचारी, “कुठं, मावशी?” वहिनी शेजारच्या बाईकडे बोट दाखवायच्या. “ह्या जातील तिथलंच द्या.” एकदा ती शेजारीण अलीकडच्याच फाट्यावर उतरली, तशा वहिनीही उतरल्या आणि उन्हात हायवेच्या कडेनं चालत घरी आल्या. “पाय मोकळे झाले,” एवढंच म्हणाल्या. मी पाण्याचा तांब्या दिला. बोलायला तीही वेळ चांगली होती.

शेवटच्या आजारात त्यांना जालन्याला दवाखान्यात ठेवलं. मुलगा परदेशातून निघाला होता. तोवर मीच सोबतीला. तिथं एक नर्स नव्यानंच लागलेली होती.

“आजी, गाव कोणतं?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं.

“वाडीगोद्री?” नर्सनं विचारलं.

“वडीगोद्री,” मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो. माझ्या मागे उभ्या असलेल्या कोणा पेशंटच्या पोरी फिसकन हसल्या. नर्सचा चेहरा उतरला.

वहिनींनी सलाईन लावलेला हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला.

“राहू द्या, भावोजी,” त्या म्हणाल्या. “म्हणू द्या तिला. ती इथं नवीन आहे.”