सहा हजारांत चौघांचं जेवण

माझी आई मालवणात खानावळ चालवते, आणि तिला जेवताना मी आजवर नीट पाहिलेलं नव्हतं. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते आहे. पुढच्या पडवीत पाच टेबलं. हंगामात सकाळी अकराला ताटं सुरू होतात ती चारपर्यंत. मग घरचे जेवतात, मदतीला येणाऱ्या दोघी जेवतात, आणि सगळ्यांत शेवटी आई टोपात उरलेला भात आणि कालवणाचा तळ ताटलीत घेऊन मागच्या दारी उभी राहते. एक कान पडवीकडे, एक डोळा गॅसवर. पाच मिनिटांत ताटली विसळून पालथी. त्यातलं काही गरम असण्याचा प्रश्नच नाही. कुणी बोललंच तर म्हणते, रांधणाऱ्याचं पोट वासानेच भरतं.

मी लग्न होऊन कुडाळला आले, शाळेत शिकवते. तापट आहे, हे माझ्या वर्गालाही ठाऊक आहे आणि नवऱ्यालाही. गेल्या वर्षी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने मुंबईच्या अलीकडच्या त्या मोठ्या पार्कचा ध्यास घेतला. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, भुताचं घर, सगळं तिला मोबाईलवर बघून पाठ. मे संपला, पर्यटक आटले, खानावळ बंद झाली आणि माझ्या डोक्यात आलं, आईलाच घेऊन जाऊ. लेकीला घसरगुंडी मिळेल, आणि दोन दिवस माझी आई दुसऱ्याने रांधलेलं गरम जेवण बसून जेवेल. हा दुसरा बेत मी फक्त नवऱ्याला सांगितला. तो म्हणाला, घसरगुंडीचं जमेल.

बाबांनी तर हात जोडले. म्हणाले, ह्या वयात मला पाळण्यात घालून काय झोके देणार? आईचंही आधी नकोच होतं. मग तिने विचारलं, जेवणाचा खर्च किती? मी सगळं मांडूनच बसले होते. नाश्ता खोलीच्या भाड्यात. पार्कात पहिल्या दिवशी दुपारचं जेवण, चहा-खाऊ, रात्रीचं जेवण, दुसऱ्या दिवशी दुपारचं. थाळी चारशेची. सगळं मिळून सहा हजार. चारशेची थाळी ऐकून आईने विचारलं, सुरमई किती मोठी देतात? मी म्हटलं, सुरमई नाही, पनीर. त्यावर तिने कपाळाला हात लावला.

शेवटी तह झाला. गाडीतलं जेवण तिचं, पार्कातलं माझं. सहा हजारांचं पाकीट वेगळं काढायचं आणि त्याच्या बाहेर जायचं नाही. "सहा हजाराच्या वर एक रुपयो गेलो तर परत माका खंय नेव नको," असं तिने मला बजावलं, आणि माझी आई बोलते ते करते. बाबांसाठी तीन दिवसांची कालवणं फ्रीजमध्ये ठेवून, कुठलं कधी काढायचं ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेऊन ती निघाली.

गाडीत तिने अख्ख्या डब्याला पुरेल एवढं काढलं. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या सुंगटांची म्हणजे कोलंबीची चटणी, नारळाच्या वड्या. समोरच्या बाकावरच्या जोडप्यालाही वाढलं. मी गप्प बसले, तह होता ना. संध्याकाळी खोलीवर पोचलो तरी भाकऱ्या संपल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पार्कात शिरलो आणि आईचा चेहराच बदलला. पहिल्यांदा जत्रेत आलेल्या लहान पोरीसारखी ती सगळीकडे बघत होती. लेकीबरोबर गोल फिरणाऱ्या कपबशीत तीनदा बसली. उतरल्यावर भेलकांडत हसत सुटली, पदर कुठे, चप्पल कुठे. आईला असं हसताना बघून मला इतकं बरं वाटलं की मी नवऱ्याला म्हटलं, बघ, माझा बेत कसा जमतोय. त्याने नुसती मान हलवली.

दुपारी जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये गेलो. चार थाळ्या घेतल्या, आईला खुर्चीत बसवलं, ताट पुढ्यात ठेवलं. वरणाला वाफ येत होती. मी मनात म्हटलं, झालं, जिंकले. आणि माझ्या नवऱ्याच्या ताटातला भात संपला.

आई उठली. त्याचं ताट उचललं, काउंटरवर गेली आणि भात घेऊन आली. मग लेकीसाठी पुऱ्या. मग माझ्यासाठी वरण, मी नको म्हणत असताना. आमच्याकडे भात, आमटी, सोलकढी पोटभर असते. गिऱ्हाईक नको नको म्हणेपर्यंत वाढायचं, त्याचे पैसे घ्यायचे नसतात. सगळ्या जगाच्या खानावळी अशाच, हे तिने गृहीतच धरलेलं. काउंटरवरचा माणूस हसून देत होता आणि दर वेळी एका चिठ्ठीवर खूण करत होता. आई म्हणाली, किती अगत्याचा माणूस आहे बघ. एवढ्यावर थांबती तर ती माझी आई कसली? शेजारच्या टेबलावर एक आजोबा रिकाम्या ताटात बोट फिरवत बसले होते. त्यांना म्हणाली, संकोच करू नका. त्यांनाही भात आणून वाढला, त्यांच्या बायकोला पुऱ्या आणि ताक.

बिल आलं एकोणतीसशे.

मी तावातावाने काउंटरवर गेले. त्या माणसाने शांतपणे भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. जादा भात, जादा पुरी, जादा वरण, प्रत्येकाचा भाव ठळक अक्षरांत लिहिलेला. मी वर्गात पोरांना वाचा, वाचा म्हणून ओरडते, आणि मीच वाचलं नव्हतं. परत आले तर आजोबा जाता जाता आईला भरभरून आशीर्वाद देत होते. नवरा हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी. मलाही हसू आलं असतं, पण टेबलावर आईचं ताट जसंच्या तसं होतं. वरणावर साय धरली होती. तिने अख्खं जेवण उभ्याने आम्हाला वाढण्यात घालवलं होतं.

बिलाचा आकडा कळल्यावर ती गार वरणभात चार घासांत संपवून मुकाट उठली. तिथून सुरू झाला तिचा उपास. चार वाजता लेकीने मक्याचं कणीस मागितलं, नवऱ्याने चहा-भजी घेतली, तिघांचे मिळून सातशे गेले, आई म्हणाली, भूक नाही. रात्री म्हणाली, आज माझी संकष्टी. मी मोबाईलवर तिथी बघितली, ती एकादशीसुद्धा नव्हती. आम्ही तीन थाळ्या घेतल्या आणि ती खोलीवर जाऊन उरलेली भाकरी खाऊन झोपली. मी तिच्यावर चिडले, नवऱ्यावर चिडले, लेकीने पाणी सांडलं म्हणून तिच्यावर चिडले. खरं तर मला रडू येत होतं. एक साधी गोष्ट ठरवली होती, गरम जेवण, बसून. तेवढंही मला माझ्या आईला देता येत नव्हतं.

सकाळी पाकिटात बाराशे होते. बरोबर तीन थाळ्यांचे. आईने ते माझ्याआधी मोजले होते आणि चेहरा असा केला होता, की तुम्ही तिघं जेवा, विषय संपला. फोनवरून मी चारशे नाही, चार हजार दिले असते, आमच्यावर काही आभाळ कोसळत नव्हतं. पण मग पुढच्या वेळी ती आली नसती. आणि मला तर पुढची वेळ हवी होती, त्याच्या पुढचीही हवी होती.

तेव्हा नवऱ्याने डोकं लावलं. कधी कधी लावतो. त्याने दोनशे रुपये घेतले, लेकीला म्हणाला, आपण वडापाव खाऊ आणि परत घसरगुंडीवर जाऊ. लेक तर उडालीच. उरलेल्या हजारात मी आईला हॉलमध्ये न नेता, जिथे वेटर टेबलाशी येऊन वाढतो त्या हॉटेलात नेलं. ती दारातच अडली, भाव वाचले आणि मागे वळली. मी तिचा दंड धरला. एक थाळी मागवली, साडेसहाशेची, आणि माझ्यासाठी चहा.

ताट आलं ते तिने दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. मी परत तिच्याकडे सरकवलं. असं दोनदा झालं, आणि माझा पारा चढला. मी मोठ्याने बोलायला तोंड उघडलं, आणि आवाज निघाला तो भलताच, रडवेला.

"आई, तू काय रांधतंस ता माका सगळा म्हायत आसा. तू जेवतंस कशी ता म्हायत नाय. माका एकदा तुका जेवताना बघूचा आसा."

मग तिने पदर खोचला, खुर्चीवरच पाय वर घेऊन मांडी घातली आणि ताट जवळ ओढलं.

चाळिसाव्या वर्षी मला कळलं की माझी आई आधी लोणच्याला बोट लावते. पापड मोडून भाजीत बुडवते. पुरीचा घास खूप वेळ चावते, डोळे किंचित मिटून. वाटीतली प्रत्येक गोष्ट आधी वासाने तपासते, मग मान हलवते, कधी पटल्यासारखी, कधी कीव केल्यासारखी. मी चहा गार करत बघत बसले. मला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा कळेना.

भाताशी आली तेव्हा तिने बोटांनी तो दाबला आणि हात थांबवला. मला वाटलं, झालं, आता पोट भरलं म्हणणार. तिने मान वर केली आणि वेटरला हाक मारली. पन्नाशीचा माणूस होता, लगबगीने आला.

"भाऊ, ह्यो भात थंड झालो हा," आई म्हणाली. "गरम घेवन येवा."

त्याला शब्द कळले की नाही कोण जाणे, सूर कळला. तो वाटी घेऊन आत पळाला. आई हात तसाच धरून शांत बसून राहिली, वाट बघत. भात आला, वाफ तिच्या चष्म्यावर बसली. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि वरण ओतून घेतलं.

तेवढ्यात नवरा आणि लेक ओलेचिंब होऊन आले. लेक सरळ आजीच्या ताटाशी गेली आणि तिने आ केला. जन्मल्यापासून तिला असाच घास मिळत आलाय, कुठलंही ताट असो, पहिला घास तिचा. आईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"थांब गो," ती म्हणाली. "माजा जेवान होवंदे आधी."

लेक तोंड उघडं ठेवून माझ्याकडे वळली. मी शेजारची खुर्ची ओढली आणि तिला म्हटलं, बस, आजीला वेळ लागेल.