वीतभर इंजिनाची मोटार

तळोज्याच्या कारखान्यांसाठी मी एकतीस वर्षं मोटारी भरल्या. भरणं म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसून नवी गुंडाळणं. चार माणसं लागल्याशिवाय जागची हलत नाहीत अशा मोटारी उघडताना मला कधी भीती वाटली नाही. ती वाटली रिटायर झाल्यावर, कामोठ्याच्या घरात, करंगळीएवढ्या मोटारीपुढं बसल्यावर.

खरं सांगायचं तर भीती मोटारीची नव्हती, माझ्या उजव्या हाताची होती. गणपतीत सोसायटीच्या आरतीचं ताट धरलं होतं, तर निरांजन ताटात थडथड वाजायला लागलं. मी ताट शेजारच्याच्या हातात दिलं आणि खोकल्याचं नाटक करून बाजूला झालो. तेव्हापासून या हातावर माझी पाळत सुरू झाली. हात मांडीवर नुसता ठेवला की अंगठा आपोआप शेजारच्या बोटावर घासायला लागायचा. माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी अंगठा, मग सदऱ्याची बटणं लागेनात, मग चमचा धरता येईना. साताऱ्याहून येऊन मार्केटात पाठीवर पोती वाहणारा गडी तो, शेवटची चार वर्षं वहिनीनं त्याला घास भरवले.

मी कुणाला बोललो नाही. बायकोला तर मुळीच नाही. डॉक्टरकडं गेलो की तो दुखण्याचं नाव सांगणार, आणि नाव एकदा कानावर आलं की सुटका नाही, असं माझं गणित. म्हणून पेपर टेबलावर पसरून वाचायचो. रजिस्टरवर सही मागितली की चष्मा विसरलो म्हणायचो. चहाचं तेवढं निभत होतं, कारण आमच्याकडं आंब्याच्या दिवसांपासून कप अर्धाच यायचा. तेव्हा मी भांडलोही होतो, की चहा काय आता रेशनवर मिळणार का? "साखर कमी करायला सांगितलीय तुमाला," एवढंच ती म्हणाली होती. गणपतीनंतर मात्र मी तिच्या कंजूषपणाचे मनातल्या मनात आभार मानायला लागलो.

दसरा पाच दिवसांवर असताना वरच्या मजल्यावरचे शेठ इंजिन घेऊन दारात उभे. शेठ इथलेच, खाडीकाठच्या गावातले. त्यांची भातशेती रेल्वेत गेली, आणि म्हातारपणी त्यांनी निम्म्या हॉलभर प्लायवूड टाकून त्यावर छोटी रेल्वे मांडली. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "त्यांनी माजे शेतान गाडी घातली, मी माजे हॉलान घातली." ते वीतभर इंजिन त्यांच्या लेकीनं परदेशातून पाठवलेलं होतं.

"भाऊ, बत्ती लागते, पन गाडी चालत नाय. नुसती गुरगुरते. दसऱ्याला पूजेला मांडायची हाय, बंद कशी मांडू?"

"शेठ, हे खेळण्यातलं काम. मला नाही जमायचं," मी म्हणालो. हात खिशात होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको बोलली, "ठेवा की हितं. बघतील ते. दिवसभर नुसते बसूनच तर असतात."

मला असा संताप आला की विचारू नका, आणि त्या संतापाखाली निव्वळ भीती होती. शेठनी इंजिन, सोबत हातभर रूळ आणि वीज सोडायचा डबा टीपॉयवर ठेवला आणि ते खुशीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीपाशी टेबल ओढलं. सवयीनं हात टेस्ट लॅम्पकडं गेला. घरच्या विजेवर पेटणारा, दोन वायरी सोडलेला साधा बल्ब. आम्ही मोटारवाले कशालाही आधी तोच लावून बघतो. वायर टेकवणार तोच लक्षात आलं, हे बारा व्होल्टचं काम आहे. घरची वीज आत गेली असती तर इंजिनाची राख झाली असती. मला घाम फुटला. हाताबरोबर आता डोकंही चाललं की काय!

मग पायरीपायरीनं गेलो. चाकं स्पिरिटनं पुसली, वरचं टोपण काढलं. आत पोस्टाच्या तिकिटाएवढा सर्किट बोर्ड आणि त्याखाली मोटार. बत्ती लागते म्हणजे वीज बोर्डापर्यंत येत होती. पुढं दोष बोर्डात की मोटारीत, एवढंच शोधायचं होतं. बोर्डाकडून मोटारीकडं जाणाऱ्या दोन वायरी, एक नारिंगी, एक राखाडी. त्यांचे डाग, म्हणजे कथलाचे जोड, डागणीनं तापवून त्या सोडवल्या. सोडवताना हात हलला तरी बिघडत नाही. मग नऊ व्होल्टची बॅटरी थेट मोटारीला लावली. मोटार गुरगुरली, फिरली नाही. दोष मोटारीतच होता, आणि मोटार म्हटलं की लहान काय नि मोठी काय, मला जरा धीर आला.

फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बन ब्रश स्वतःच्याच भुकटीनं जागेवर अडकला होता. भुकटी टूथपिकनं कोरून काढली. ब्रशमागची स्प्रिंग तिळाएवढी. ती बसवताना हातानं दगा दिला आणि स्प्रिंग चिमट्यातून उडाली. मी लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर रांगलो, तेव्हा कुठं ती चटईच्या विणीत सापडली. चौथ्या खेपेला बसली. बॅटरी टेकवली आणि मोटार बारीक आवाज करत फिरायला लागली.

आता फक्त त्या दोन वायरींना परत डाग द्यायचे होते. दोन ठिपके, मध्ये तांदळाएवढं अंतर. दोन्ही डाग एकमेकांना चिकटले आणि वीज सोडली, की बोर्ड जळाला. मी तापलेली डागणी उचलली. तिचं टोक ठिपक्यावर राहीना. खाली ठेवली, पुन्हा उचलली. मनगट पोह्यांच्या डब्यावर टेकवलं तर थरथर आणखी वाढली. तिसऱ्यांदा ठेवली तेव्हा मला भाऊ दिसला, हनुवटीवरून वरण ओघळतंय आणि तो भिंतीकडं बघतोय. शेठचं इंजिन गेलं खड्ड्यात, माझं काय होणार, या भीतीनं मी तिथंच बसून राहिलो.

बायको चहा घेऊन आली. कप तिनं लांब ठेवला, स्टूल ओढलं आणि माझं मनगट दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरलं.

"आता लावा," ती म्हणाली.

"सोड, भाजेल तुला."

"भाजू द्या. लावा तुमी."

पहिला डाग बसला. दुसरा बसला. मीटर लावून बघितलं, दोन्ही वेगळे होते. इंजिन रुळावर ठेवून वीज सोडली. ते सरसरत निघालं, आणि रूळ संपला तिथं तिनं तळहात आडवा धरून त्याला थांबवलं.

"हात थरथरतो माझा," मी म्हणालो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यानं. "दादासारखा. मला लई भीती वाटते गं."

"मला पण वाटते. म्हणून तर इंजिन ठेवून घेतलं. तुमी आपण होऊन बोलला असता का?"

"तुला कधीपासून माहितीय?"

तिनं लांब ठेवलेला कप माझ्यापुढं सरकवला. अर्धा. "बशीत ठेवताना वाजायचा," ती म्हणाली. "भरला की सांडायचा. तुमचं ध्यानच नव्हतं."

मी समजत होतो, हे गणपतीत सुरू झालं. कप तर आंब्याच्या दिवसांपासून अर्धा येत होता. म्हणजे हे मी धरलं होतं त्याच्या किती तरी आधीचं होतं, आणि तेवढे महिने ती हे एकटीच मनात घेऊन चहा करत होती.

"उद्यापासून भरून देत जा," मी म्हणालो. "सांडला तर सांडला."

"बरं," ती म्हणाली.

संध्याकाळी शेठ इंजिन घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी दवाखान्यात जायचं ठरवलं होतं. निघायच्या आधी तिनं कप पुढं ठेवला. अर्धाच होता. मी तो तिच्यादेखत दोन्ही हातांनी धरून प्यालो आणि चपला घातल्या.