पानाच्या तळाची ओळ

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा कळू दिलं नाही, आणि आता तोही नाही. तुम्ही ऐकायला बसलाच आहात तर सांगते — पण मध्येच थांबले तर घाई करू नका.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी ज्यू. कोल्हापुरात आमची घरं अगदी थोडी. इथं सिनेगॉग नाही. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेवढे जमवायचे तर पुण्या-मुंबईचे पाहुणे यायची वाट बघायची. मग पोरांना हिब्रू कोण शिकवणार? मी शिकवायची. राजारामपुरीत, आमच्या माडीवर, रविवारी सकाळी — कारण शनिवारी आमचा शब्बाथ, विश्रांतीचा वार, त्या दिवशी लिहायला हात लावायचा नाही. सगळं कोल्हापूर मटणाच्या दुकानापुढं उभं असायचं, आणि आमची चार पोरं माझ्यापुढं मांडी घालून बसलेली असायची. त्यांच्या आया मला ‘बाई’ म्हणायच्या. मला ते फार आवडायचं, हेही सांगून टाकते.

तर — मला हिब्रू वाचता येत नव्हतं.

अक्षरं येत होती. मुंबईच्या आत्यानं दिलेला तक्ता भिंतीवर होता. त्यावरची अक्षरं, त्यांच्या खालच्या स्वरांच्या खुणा, सगळं मी पोरांकडून घोटून घ्यायची. पण प्रार्थना? त्या मला दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकून पाठ. आजोबांच्या वेळचं एकच पुस्तक होतं. ते उघडायचं, त्यावरून बोट फिरवायचं आणि म्हणत सुटायचं. पान कुठं उलटायचं तेही पाठ! दादा ज्या शब्दाला अंगठा ओला करायचे, त्याच शब्दाला माझाही अंगठा आपोआप ओठाशी जायचा. पोरं माझ्यामागून म्हणायची. एक मोठा पोपट लहान पोपटांना शिकवत होता, आणि कुणाला शंका येणार होती?

सिपोरा तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. बाप उद्यमनगरात लेथवर कामाला, आई मोठ्या आवाजाची. पहिल्याच दिवशी तिची आई मला म्हणाली होती, “बाई, हिला वरडा बिनधास्त. लई इचारत बसती.”

एका रविवारी मी पुस्तक सिपोराच्या मांडीवर दिलं आणि एकटीला म्हणायला सांगितलं. तिनं पाठ म्हटलं नाही. ती वाचायला लागली. खरंच वाचायला — अक्षरावर बोट, खालच्या खुणेवर बोट, मग पुढचं अक्षर. अडखळत होती, पण थांबत नव्हती. पानाच्या तळाशी आली तसा माझा अंगठा सवयीनं ओठाशी गेला. आणि ती पान उलटेना. तिथं अजून एक ओळ होती, आणि ती ओळ मी जन्मात कधी ऐकली नव्हती.

कसं सांगू तुम्हाला? माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ही ओळ हिला कुणी शिकवली? कुणीच नाही! दादांच्या तोंडात ती कधी आली नाही, माझ्या तर नाहीच. पान उलटायच्या घाईत कुणीतरी कधीतरी ती गाळली असेल, आणि आम्ही पुढं तसंच चालवलं. इतकी वर्षं ते शब्द आमच्याच घरात, आमच्याच पुस्तकात मुके पडून होते, आणि या एवढ्याशा पोरीनं नुसतं बोट ठेवून त्यांना बोलतं केलं. वाचणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. वाटलं, उठून तिचे पाय धरावेत.

आणि मी काय केलं असेल?

“चूक,” मी म्हणाले. “असलं काही नाही आपल्यात. येत नसेल तर वाचायचं सोंग करू नये.”

सोंग! हा शब्द मी तिला वापरला.

“पर बाई, हितं हाय की,” ती ओळीवर बोट ठेवून म्हणाली. मी आवाज चढवला. बाकीची पोरं हसली. तिचे डोळे भरले. तिनं पुस्तक मिटलं, मी शिकवलं होतं तसं त्याला ओठ लावले, आणि हळूच माझ्याकडं सरकवलं.

पोरं गेल्यावर मी त्या ओळीशी बसले, एकेक अक्षर लावत. जेवण निवून गेलं. ओळ होती. अगदी ती म्हणाली तशीच होती. पुढं एका पाहुण्यानं अर्थ सांगितला — राखणीची ओळ आहे ती. तुला ऊन बाधू नये, चांदणं बाधू नये.

पुढच्या रविवारी सांगता आलं असतं. त्याच्या पुढच्याही. मी सांगितलं नाही. सिपोरा येत राहिली, पण तिनं पुस्तकाकडं बघायचं सोडलं. माझ्या तोंडाकडं बघून म्हणायला लागली, बाकीच्यांसारखी. आणि मी तिच्या आईला सांगितलं, आता सुधारली हो पोरगी.

मागच्या शुक्रवारी ती आली होती. आता तिचा संसार पुण्यात आहे. लेकीला घेऊन मुद्दाम आली, “मला शिकवणाऱ्या बाईंना भेटवते तुला” म्हणून. लेकीला वाचायला तिनंच शिकवलंय. संध्याकाळी शब्बाथ लागतो, म्हणून मी दिवे लावले, मनुकांचं सरबत काढलं, आजोबांचं पुस्तक उघडलं. लेक वाचायला लागली — अक्षरावर बोट, खुणेवर बोट. पुन्हा तोच काटा, तेच नवल! पानाच्या तळाशी तिनं त्या ओळीचा पहिला शब्द उच्चारला, आणि सिपोरानं पटकन ओळीवर तळहात ठेवला.

“ही न्हाई म्हणायची, बाळा. आपल्यात न्हाई म्हणत. आमच्या बाईंनी शिकवलंय.”

पोरीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

मी मान डोलावली. तिनं अंगठा ओला केला आणि पान उलटलं.