कोरडा हुंकार

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सुनंदा गेली. ती माझी बायको होती.

असले अनुभव मी आजवर वाचले ते करमणूक म्हणून. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, भुताखेतांची पुस्तकंही कपाटात लावली, पण विश्वास कधी ठेवला नाही. आजही ठेवतो असं नाही... जे झालं ते सांगतो.

आमचं घर सिंदेवाहीजवळच्या एका गावात. मागच्या खोलीवर पत्रे आहेत. तिथे सुनंदा आणि तिची धाकटी बहीण रंजना रोवणीची, म्हणजे भातलावणीची, गाणी रेकॉर्ड करायच्या. आधी त्यांनी कंडेन्सर माइक घेतला. तो पत्र्यावरच्या चिमण्या आणि शेजारची मोटरही टिपायचा, आणि प्रत्येक ओळ भिंतींवर आपटून परत यायची. मग डायनॅमिक माइक आणला. तो तोंडाजवळचं तेवढंच ऐकतो. तरी खोली घुमायचीच. त्यावर उपाय सुनंदाने काढला. मळणी झाल्यावर धानाची पोती तिने याच खोलीत, भिंतींना लावून वरपर्यंत रचायला लावली. आवाज कोरडा, जवळचा येऊ लागला.

गाणं उचलण्याआधी ती "हं" म्हणायची. रंजनाला इशारा म्हणून.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी रंजना एकटीच रेकॉर्ड करायला येऊ लागली. एका रविवारी दुपारी तिने हेडफोन माझ्यापुढे धरला.

"भाऊजी, हे आयका जी."

पहिल्या ओळीआधी "हं". सुनंदाचा.

मला वाटलं, जुना तुकडा मिसळला असेल. पुढच्या वेळी कोरं कार्ड घातलं आणि मी समोर उभा राहिलो. रंजनाचे ओठ मिटलेले होते. खोलीत मला काही ऐकू आलं नाही. रेकॉर्डिंगमध्ये मात्र "हं" होता.

मग मी एकटा बसून पाहिलं. सुनंदाला आवडणाऱ्या कथा माइकसमोर वाचल्या, कधी नुसता गप्प बसलो. दोन्ही माइक लावले... पंखा, चिमण्या, माझा श्वास. बाकी काही नाही.

मला रंजनाचा हेवा वाटू लागला. हा शब्द मी विचार करून लिहितो आहे. तिची स्कूटी अंगणात वाजली की मी ताट सारून उठत असे.

"तुझ्याच गाण्याआधी का येते ती?" एकदा मी विचारलंच.

"मले का मालूम? इशारा मलेच देत होती ना ते."

"संसार माझ्यासोबत केला तिने."

"अन् मले कडेवर घेऊन फिरली ते?" मोठ्या बहिणीला ती बाई म्हणायची. "बाई आधी माही बहीण होती भाऊजी, मंग तुमची बायको झाली."

त्याच आठवड्यात मी धान विकून टाकलं. विकायची घाई नव्हती. मला ती खोली बिघडवायची होती.

रविवारी रंजना उंबऱ्यातच थांबली.

"पोते कुठी गेले जी?"

"विकले."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माइक लावला आणि गायली.

गाणं संपताच हेडफोन मी तिच्या हातातून घेतला. तिचा आवाज पत्र्याखाली नुसता घुमत होता, शब्दावर शब्द आदळत होता. मला आत कुठेतरी बरं वाटलं. मग मी सुरुवात ऐकली.

"हं".

कोरडा. अगदी जवळचा. त्याला घुमणं नव्हतं — जणू पोती अजून तिच्याभोवती रचलेलीच होती.

मी त्या खोलीत टाळी वाजवून पाहिली. ती घुमली. एकाच माइकवर, एकाच दुपारी, दोन आवाज दोन वेगळ्या खोल्यांतले कसे येतात, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. मलाही कळलेलं नाही.

रंजना दर रविवारी येते. मी माइक लावून देतो आणि बाहेर बसतो. गाणं झालं की आधी ती ऐकते, मग मी.