सगळी दारं एका रंगाची

शिवणकाकूंना गल्लीत कोणी कधी कामचुकार म्हटलं नव्हतं. गल्ली सुधारायची म्हणून कोणी नुसता विषय काढला, की काकू बाह्या सरसावून हजर. रस्त्याच्या कडेला झाडं लावायची ठरली तेव्हा खड्डे खणायला त्या सगळ्यांच्या आधी होत्या. शाळेची भिंत रंगवायची ठरली तेव्हा जुन्या चादरी फाडून पोरांना अंगावर घालायला झगे शिवून दिले ते त्यांनीच. म्हणून गल्लीच्या नव्या आराखड्याच्या बैठका सुरू झाल्या आणि खोडा घातला तो नेमका काकूंनीच, तेव्हा लोकांना काही कळेना. आता काकू ही हकिगत स्वतःच सांगतात, मशीनचं चाक थांबवून, मधूनमधून हसत. तेव्हा मात्र त्या हसत नव्हत्या.

कारण घरातच होतं. काकूंचे यजमान म्हणजे गल्लीचे वायरमनकाका. सबंध गल्लीत असा दिवा नसेल की ज्याला काकांचा हात लागला नाही. फ्यूज उडाला की लोक आधी काकांना हाक मारत, मग मेणबत्ती शोधत. निवृत्त झाले तरी त्यांच्या शर्टाच्या खिशात टेस्टर असायचाच. पण गेल्या वर्षभरात काका हळूहळू विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग वार, मग मुलीचं लग्न झालंय हेच. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन समजावलं होतं की हे बरं होणारं दुखणं नाही, फक्त जपायचं.

काकूंनी जपलं, आणि झाकलंही. काका कुठे लांब निघाले की त्या सोबत निघत आणि लोकांना सांगत की यांचा गुडघा धरतो. कोणी विचारलेल्या प्रश्नाचं काकांनी भलतंच उत्तर दिलं की म्हणत, हल्ली यांना ऐकू कमी येतं. मुलगी दूरगावी होती, तिचा फोन आला की बाबा नुकतेच झोपलेले असत. दिवसातून इतक्या वेळा झोपणारे बाबा मुलीला कसे खपले, देव जाणे. काकूंना भीती वाटायची ती लोकांच्या कीव करण्याची. ज्या माणसाला लोक शिडी घेऊन बोलवायचे, त्याच माणसाला आता घरात कोंडून ठेवा म्हणतील, हा विचारही त्यांना सहन होत नव्हता.

एक गोष्ट तेवढी अजून शाबूत होती. काका घरी येत. पाय मोकळे करायला एकटेच कोपऱ्यापर्यंत गेले, की वळून गल्लीकडे बघत उभे राहत, एकेक दार नजरेखालून घालत, आणि आपलं पिवळं दार दिसलं की सरळ चालू लागत. त्यांना घराचा आकडा आठवत नव्हता, दाराचा पिवळा रंग तेवढा आठवत होता. हे काकूंच्या ध्यानात आलं ते एका दुपारी. त्यांनी गादीची खोळ धुऊन दारावर वाळत टाकली होती. पिवळं झाकलं गेलं, आणि काका आपल्याच घरावरून पुढे निघून गेले, पार गल्लीच्या टोकाला. त्या दिवसापासून काकूंनी दारावर रुमालसुद्धा वाळत घातला नाही.

आराखड्याची बैठक शाळेच्या मोठ्या खोलीत भरली. नगरपालिकेकडून एक तरुण मुलगी आली होती. तिने बाकं जोडून त्यांवर पुठ्ठ्याची अख्खी गल्ली मांडली होती, खोक्यांची घरं, काड्यांचे दिवे. ज्याला जे हवं ते त्याने उचलून हवं तिथे ठेवायचं होतं. पोरं खेळण्यावर तुटून पडावीत तशी मोठी माणसं पडली. दुकानवालीने, म्हणजे काकूंच्या जिवलग मैत्रिणीने, पुठ्ठ्याचं बाक उचलून थेट आपल्या दुकानासमोर ठेवलं आणि कोणी हलवू नये म्हणून ती त्यावर हात ठेवून उभी राहिली.

मग हेडक्लार्क उठले. हे गृहस्थ निवृत्त झाले होते, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नव्हता. गल्लीत सगळे त्यांना वचकून असत, आणि काकू सगळ्यांत जास्त. त्यांनी सुचवलं की सगळ्या घरांची दारं एकाच रंगाची करावीत, छान निळी, म्हणजे गल्ली एका घरासारखी दिसेल. टाळ्या पडल्या.

काकूंच्या डोळ्यांपुढे आपलं पिवळं दार आलं. त्या उठून म्हणाल्या, "नको."

का नको, असं सगळ्यांनीच विचारलं. खरं कारण काकूंना सांगायचं नव्हतं. त्या म्हणाल्या की निळ्यावर धूळ दिसते. मग म्हणाल्या की डोळ्यांना त्रास होतो. दुकानवालीने त्यांच्या अंगावरच्या निळ्या कपड्यांकडे बघितलं. हात वर करायला सांगितलं तेव्हा विरोधात एकटा काकूंचाच हात होता. घरी जाताना दुकानवाली नुसती सोबत चालली, आणि पिवळ्या दाराशी आल्यावर म्हणाली की सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. काकूंनी आत जाऊन कडी लावली.

रंगाचा रविवार उजाडला. काकूंनी मनाशी ठरवलं होतं की आपलं दार शेवटी ठेवायचं आणि ऐन वेळी काही तरी कारण काढायचं. गल्लीच्या टोकाकडून काम सुरू झालं. हेडक्लार्कांचं दार पहिलं निळं झालं, मग शेजारची होत गेली. डबे, ब्रश, वर्तमानपत्रं, रंगलेली नाकं. काकूंनी काकांना सावलीत स्टुलावर बसवलं आणि त्या चिंध्या कापायला बसल्या. कोणी तरी कात्री मागितली, त्या ती द्यायला वळल्या, आणि परत बघतात तो स्टूल रिकामं.

हाक मारावी तर सगळ्यांना कळणार. काकू तोंड मिटून शोधत सुटल्या. नळाशी पाहिलं, शाळेच्या फाटकाशी पाहिलं, दुकानामागे पाहिलं. काका मोठ्या रस्त्यावर तर गेले नसतील, म्हणून त्या तिकडेही धावल्या. परत फिरताना हेडक्लार्कांचं ओलं निळं दार अर्धवट उघडं दिसलं, आणि आतून काकांचा आवाज आला.

काका खुर्चीवर बसून भिंतीतला स्विच उघडत होते. हातात टेस्टर. शेजारी साक्षात हेडक्लार्क हातात बॅटरी धरून उभे, हाताखालच्या माणसासारखे. काकूंना बघून काका म्हणाले, "अगं, बरं झालं आलीस. यांच्याकडे लाइन सैल आहे."

काकू घाईघाईने माफी मागायला लागल्या. म्हणाल्या, यांना ऐकू येत नाही, चुकून आत आले असतील. हेडक्लार्कांनी बोट ओठांवर ठेवलं आणि त्यांना ओट्याशी नेलं.

"वहिनी, ते चुकून येत नाहीत," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही मशीनवर असता तेव्हा मधूनमधून येतात. मी त्यांना येताना पाहिलं की आधी मेन स्विच बंद करतो, मग दार उघडतो. ते तपासतात, सगळं ठीक आहे म्हणून सांगतात, चहा घेतात आणि जातात. मी दारात उभा राहून बघतो, घरी पोचले की मग आत येतो."

काकूंनी विचारलं की तुम्ही कोणाला बोलला नाहीत का.

"तुम्ही बोलला नाहीत, मग मी कशाला बोलू?"

काकू तिथेच खाली बसल्या. वर्षभर ज्या माणसाची नजर चुकवली, तो दारात उभा राहून आपल्या माणसाची पाठराखण करत होता. त्यांना रडू आलं, आणि रडता रडता हसूही. मग एकदाची त्यांनी पिवळ्या दाराची गोष्ट सांगून टाकली. हेडक्लार्कांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला खरंच निळा रंग आवडत नाही."

ते तसेच बाहेर गेले आणि त्यांनी आपल्या खणखणीत आवाजात काम थांबवायला सांगितलं. पण कारण सांगायची पाळी आली तेव्हा त्यांनी काकूंकडे पाहिलं. रंगाच्या डब्यांमध्ये उभं राहून काकूंनीच सांगितलं. चार वाक्यं झाली असतील. एकदा सुरुवात केल्यावर ती जड गेली नाहीत, याचंच त्यांना आश्चर्य वाटलं.

कोणी हळहळत बसलं नाही. दुकानवाली म्हणाली की काका दुकानात येऊन तीच काडेपेटी पुन्हापुन्हा नेतात, काकू निमूटपणे ती परत आणून ठेवतात, तेव्हाच तिला उमगलं होतं. फक्त दाराचं तिला माहीत नव्हतं. नगरपालिकेच्या मुलीने हातावरचा रंग पुसत विचारलं की प्रत्येक दाराला आपापला रंग दिला तर काय बिघडेल. काहीच बिघडणार नव्हतं. उलट प्रत्येकाच्या मनात एकेक रंग आधीपासूनच होता आणि एका रंगाला टाळ्या वाजवताना तो सगळ्यांनी गिळला होता. तासाभरात लाल, जांभळ्या, हिरव्या डब्यांची पळवापळवी सुरू झाली. हेडक्लार्कांनी आपलं निळं तसंच ठेवलं. त्यांना खरोखरच निळा आवडत होता. पिवळा मात्र दुसऱ्या कोणी घ्यायचा नाही, हे न सांगताच ठरलं. पिवळ्या दाराला नवा हात दिला तो काकांनीच, कडा न सोडता, नीट.

त्याच संध्याकाळी काकूंनी मुलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मुलगी आधी रागावली, मग रडली, आणि पुढच्या आठवड्यात येऊन चांगली राहून गेली. काका तिला कधी ओळखत होते, कधी नव्हते. पण ती आली म्हणून काकूंना भर दुपारी पाठ टेकता आली. वर्षभरात त्या अशा झोपल्या नव्हत्या. उठल्या तेव्हा अंगावर चादर होती आणि स्वयंपाकघरात बापलेक कसल्याशा गोष्टीवरून हसत होते.

काकांचं विसरणं थांबलं नाही, थांबणारही नाही. पण आता ते कोपऱ्यावर गोंधळून उभे दिसले की जो जवळ असेल तो म्हणतो, "चला काका, मलाही तिकडेच जायचंय," आणि चालू लागतो.

परवा काकू बटणं आणायला बाजारात गेल्या, एकट्या. दोन दुकानं जास्तच हिंडल्या, एका कापडाचा पोत उगाच चाचपून बघितला. परत आल्या तर काका घरात नव्हते. त्यांनी पिशवी ठेवली, पायांवर पाणी घेतलं, चहाचं आधण चढवलं. मग दारात येऊन समोरच्यांना विचारलं, "आमचे हे कुठेयत आज?"

"लाल दारवाल्या मास्तरांकडे," समोरून उत्तर आलं. "पंखा बघतायत."

मेन बंद आहे ना, एवढं काकूंनी विचारलं. बंद होता. त्या आत गेल्या आणि आधणात साखर घातली.