दिसेल तेवढा ब्रेक

जळगावच्या मेहरूणमधल्या आमच्या कॉलनीत नाना दर रविवारी सकाळी गाडीचे ब्रेक तपासत. पद्धत ठरलेली होती. गाडी धुवायची, पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसायचे, चाकाच्या जाळीतून टॉर्च मारायचा आणि आत दिसणाऱ्या ब्रेक पॅडची जाडी नजरेने मोजायची. चाक काढायचे नाही. तपासणी पाच मिनिटांत संपे. तिच्याबद्दलचे बोलणे दुपारपर्यंत चाले.

पुढच्या प्रत्येक चाकात पॅड दोन असतात, चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीच्या बाहेर एक आणि आत एक. जाळीतून दिसतो तो बाहेरचा. आतला दिसत नाही, आणि पुष्कळदा तोच आधी झिजतो. हे मी नानांना एकदा सांगितले. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या नानांना दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय नव्हती.

"जुळे भाऊ आहेत हो ते. एक बरा, तर दुसराही बरा," ते म्हणाले.

मूळचे धुळ्याकडचे. मुद्दा ठासून सांगायचा असला की अहिराणीत उतरत. "जे दखास नही, ते बिघडस नही." दिसत नाही ते बिघडत नाही, हे त्यांचे यंत्रशास्त्र. गॅरेजवाले सगळे चोर, हे समाजशास्त्र. दोन्ही विषयांत त्यांना शंका अशी कधी आली नाही.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी सुषमा पिंपळनेरजवळच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाली. शाळेचा रस्ता उताराचा आणि वळणांचा. नानांनी गाडी तिला दिली. ती न्यायला आली, कॉलनीत एक फेरी मारून परतली आणि म्हणाली, "नाना, ब्रेक दाबला की लोखंड घासल्यासारखा आवाज येतोय."

"धूळ असेल. जळगाव आहे हे, इथं काय बर्फ पडतो का?"

"चाक काढून दाखवा. त्याशिवाय मी त्या उतारावर गाडी घालणार नाही."

आम्ही शेजारी बघत होतो, म्हणून नानांनी जॅक लावला. चाक निघाले. आतल्या पॅडपर्यंत पोचायचे तर त्याला धरून बसलेला कॅलिपर उचलावा लागतो, आणि त्याचे बोल्ट मागच्या बाजूला असतात. नानांनी समोरून पाहिले, वरून पाहिले, एका रबरी टोपीला पेचकसाने टोचून पाहिले. बोल्ट सापडेनात. ते हात पुसत उठले.

"कंपनीनं सील केलंय. उघडायचं नसतं ते."

"स्टीअरिंग पूर्ण वळवा ना. मागची बाजू पुढं येईल," सुषमा म्हणाली.

"तू मला शिकवू नको!"

त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. "अहो, झुरळं पण कपाटाच्या मागंच राहतात," त्या म्हणाल्या. "पुढं येऊन नमस्कार करत नाहीत."

नानांनी चाक परत चढवले. गाडी गॅरेजात न्यायची असेल तर या दारात परत आणायची नाही, असे मुलीला बजावले. सुषमाने सावकाश चालवत ती जवळच्या गॅरेजात नेली आणि दुपारी त्याच दारात आणून उभी केली.

मेकॅनिकने काढलेले जुने पॅड तिने वडिलांसमोर पायरीवर ठेवले. आतल्या पॅडवरचा थर पूर्ण संपला होता. नुसती लोखंडी पट्टी उरली होती आणि तिच्यावर खोल चरे पडले होते. या ब्रेकवर ती पिंपळनेरला निघणार होती. बाहेरचा पॅड निम्मा शिल्लक होता.

नाना वाकले. त्यांनी बाहेरचा पॅड उचलला, अंगठ्याने पुसला आणि मला दाखवला.

"बघा. निम्मा आहे का नाही? मी काय सांगत होतो?"

दुसऱ्याला त्यांनी हात लावला नाही. सुषमा आईच्या पाया पडून गाडीत बसली.

गाडी आता ती धुळ्यात सर्व्हिसिंगला देते. नाना कॉलनीत भेटेल त्याला सांगतात, पोरीने चांगला निम्मा पॅड फुकट घालवला.